मेंदूभोवतीचं दीडशे मिलिलिटर पाणी

माणसाचा मेंदू तराजूत टाकला तर साधारण १४०० ग्रॅम भरतो. कवटीत मात्र त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमचा उरतो, कारण तिथे तो पाण्यात तरंगत असतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं हे पाणी मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून १५० मिलिलिटर, टपरीवरच्या दोन कटिंगांइतकं. शरीर रोज त्यात सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार करतं आणि तेवढंच रक्तात परत शोषून घेतं. म्हणजे चोवीस तासांत हे सगळं पाणी तीनदा बदलतं. ते नितळ असतं. त्याच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, पाचपेक्षा जास्त पांढऱ्या पेशी सापडत नाहीत.

या पाण्याभोवतीच्या आवरणांना सूज येते तो मेनिंजायटिस. ‘ताप डोक्यात गेला’ असं घरोघरी म्हणतात, ते बऱ्याचदा याच आजाराबद्दल. विषाणूंमुळे झालेला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. जिवाणूंमुळे झालेल्यात दर सहा रुग्णांमागे एक दगावतो आणि दर पाचांमागे एकाला बहिरेपण, फिट्स किंवा हातापायांचं अपंगत्व असं काहीतरी गंभीर मागे राहतं. हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे आणि तो अँटिबायोटिक्स हाताशी असतानाच्या काळातला आहे. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे २५ लाख लोकांना मेनिंजायटिस झाला. त्यात २ लाख ३६ हजार माणसं गेली आणि त्यातली निम्म्याच्या जवळपास पाच वर्षांखालची मुलं होती.

एवढा कहर करणाऱ्यांपैकी एक म्हणजे मेनिंगोकॉकस. त्याचा व्यास एक मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी. एक मिलिमीटरच्या रेघेवर असे हजारभर सहज बसतील. मला याहून चक्रावणारी गोष्ट वेगळीच वाटते. साधारण दर दहा माणसांतल्या एकाच्या नाकाघशात हा जिवाणू कसलाही त्रास न देता मुक्काम करून असतो. भरलेल्या एसटीत पन्नास प्रवासी असतील तर त्यांतल्या पाचेक जणांकडे तो असू शकतो, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. फार क्वचित एखाद्याच्या घशातून तो रक्तात उतरतो आणि तिथून त्या नितळ पाण्यात शिरतो. रक्तात त्याला अडवणारी प्रतिद्रव्यं असतात, या पाण्यात ती जवळपास नसतातच. तो तासाला एकदाच दुप्पट होतो असं धरू, प्रत्यक्षात त्याचा वेग यापेक्षा जास्त असतो. तरी एका जिवाणूचे वीस तासांत १० लाख ४८ हजार होतात. सकाळी ‘अंग जरा कसकसतंय’ म्हणणारा मुलगा रात्री शुद्धीवर नसतो, त्यामागे हे गणित आहे.

निदानासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागतं. नातेवाईक सगळ्यात जास्त अडतात ते इथे. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ ही भीती फार खोल रुजलेली आहे, आणि तिच्यापायी वाया गेलेले तास रुग्णाला महाग पडतात. सुई जाते ती कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली. रुग्णाला कुशीवर घेऊन गुडघे पोटाशी आणतात, आणि तो हलू नये म्हणून सिस्टर त्याची मान आणि गुडघे धरून उभी असते. थेंबाथेंबाने तीन-चार मिलिलिटर पाणी बाटल्यांत जमा होतं. शरीर तासाला वीस मिलिलिटरच्या हिशेबाने नवं तयार करतच असतं, म्हणजे काढलेलं पाणी दहा-बारा मिनिटांत भरून निघतं. बाटलीतलं पाणी गढूळ दिसलं तर डॉक्टरांना पुढचा अंदाज तिथेच येतो. जिथे पाच पेशी असायच्या तिथे हजार, कधी पाच हजार पेशी निघतात.

संशय दाट असेल तर औषध रिपोर्टसाठी थांबत नाही. मोठ्या माणसाला सेफ्ट्रियाक्सोन दर बारा तासांनी दोन ग्रॅम शिरेतून देतात. पहिला डोस रुग्ण आल्यापासून तासाभरात जावा असा प्रयत्न असतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायचं ठरलं तर ते त्या डोसच्या आधी किंवा बरोबरच देतात. त्यानंतरची पहिली रात्र बऱ्याच अंशी सिस्टरच्या हातात असते.

तिच्या चार्टवर शुद्धीचे एकूण गुण तीन ते पंधराच्या आत असतात. डोळे उघडण्याचे चार गुण, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. पूर्ण शुद्धीत असलेल्याला १५ आणि अगदी काहीच प्रतिसाद नसेल तरी ३. ‘काका, कुठे आहात तुम्ही आत्ता?’ या प्रश्नाला मघाशी ‘दवाखान्यात’ असं उत्तर आलं होतं आणि आता नुसतं कण्हणं ऐकू येतं, तर बोलण्याचे पाचाचे दोन झालेले असतात. तीन गुण घसरले, डॉक्टरांना लगेच बोलवायचं. एकूण आठ किंवा त्याखाली आले तर श्वासनलिका सांभाळायची तयारी करायची. तिच्या टॉर्चच्या उजेडात बाहुली किती मिलिमीटरची आहे, दोन्ही सारख्या आहेत का, लगेच आक्रसतात का, हे ती पाहते. नाडी मंदावतेय आणि बीपी चढतंय अशी जोडी दिसली तर कवटीतला दाब वाढतोय. शुद्ध, बाहुल्या, नाडी, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन अशा सात नोंदी दर पंधरा मिनिटांनी करायच्या म्हटल्या तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये २२४ होतात, तेही एकाच रुग्णाच्या. आपल्याकडे एका सिस्टरवर किती रुग्णांचा भार असतो हे ज्याने वॉर्डात रात्र काढली आहे त्याला ठाऊक आहे. हा भार कमी करणं मला नव्या यंत्रांइतकंच गरजेचं वाटतं.

बाकीची शुश्रूषा साधी, पण चुकवून चालत नाही. उशाकडची बाजू ३० अंश वर ठेवायची आणि मान सरळ ठेवायची. दिवे मंद ठेवायचे, कारण उजेड डोळ्यांना टोचतो. फिट आली तर पडू नये म्हणून कठडे लावायचे, सक्शन हाताशी ठेवायचं, सलाईन आणि लघवीचा हिशेब मांडायचा. अंगावर जांभळट पुरळ असेल तर काचेचा ग्लास दाबून पाहायचा. दाबल्यावरही डाग पुसट होत नसतील तर जिवाणू रक्तात पसरल्याची ती धोक्याची खूण असते. मेनिंगोकॉकसचा रुग्ण योग्य औषध सुरू झाल्यावरही २४ तास वेगळा ठेवतात. त्याच्या घरच्यांना हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या ५०० ते ८०० पट असते. म्हणून आई-वडील, भावंडं अशा सगळ्यांना प्रतिबंधक औषध त्याच दिवशी द्यायचं असतं. मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिनची एक गोळी पुरते.

आता हेच गणित देशांच्या पातळीवर पाहा. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत २६ देशांचा ‘मेनिंजायटिस पट्टा’ आहे. कोरड्या हंगामात धुळीचे वारे सुटले की तिथे साथी उसळतात. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि २५ हजार दगावले. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा धोक्याचा आकडा मात्र लहान आहे. आठवड्यात लाख वस्तीमागे तीन संशयित रुग्ण म्हणजे सावध व्हायचं, दहा म्हणजे साथ आली.

अशा साथी मोडणारी लस पुण्यात तयार झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पातून हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने मेनॲफ्रिव्हॅक बनवली. एका डोसची किंमत ५० सेंटच्या आत, तेव्हाच्या दराने २५ रुपयांहूनही कमी. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि एक ते २९ वयोगटातल्या एक कोटीहून अधिक लोकांना थोड्याच दिवसांत लस टोचली गेली. पुढे पट्ट्यातल्या देशांत ३० कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली. चाडमध्ये लस दिलेल्या भागात मेनिंजायटिसचं प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी आढळलं. ही लस घशात मुक्काम करणाऱ्या जिवाणूलाही हुसकावते, त्यामुळे न टोचलेलेही वाचले. ‘ए’ गटाचा, म्हणजे ज्याने त्या पट्ट्यात सर्वात मोठ्या साथी आणल्या त्या मेनिंगोकॉकसचा, एकही रुग्ण २०१७ नंतर तिथे नोंदला गेलेला नाही. उरलेल्या गटांसाठी सीरमचीच पाच गटांवरची लस आली. ती वापरायला घेणारा पहिला देश नायजेरिया, २०२४ मध्ये.

नवजात बाळांना आजारी पाडणाऱ्या ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसवर मात्र अजून बाजारात लस नाही. बाळाच्या मेंदूभोवती पाणी असतं ते फक्त ४० ते ५० मिलिलिटर, आणि मान ताठ होणं ही ओळखीची खूण बाळात बहुधा दिसत नाही. म्हणून अनुभवी सिस्टर आईला आधी विचारते, ‘बाळ दूध ओढतंय ना नीट?’ मग टाळूवर हात ठेवून ती फुगलीय का बघते, अंग गार पडलंय का, रडण्याचा आवाज नेहमीपेक्षा चिरका आहे का, हे पाहते. उपचार जिवाणूनुसार १४ ते २१ दिवस चालतात, आणि ते संपले की घरी सोडण्यापूर्वी किंवा त्यानंतर लवकरच बाळाच्या कानांची तपासणी करून घ्यायची असते. ती राहून गेली तर ऐकू येत नाही हे कळेपर्यंत दीड-दोन वर्षं निघून जातात.