सोलापूर विद्यापीठात पीएच.डी.च्या जागा निघाल्या म्हणजे नोकरी मिळते का?

'सोलापूर विद्यापीठात पीएच.डी.साठी जागा' आणि 'विद्यापीठात जेआरएफ पदाची भरती'. व्हॉट्सअ‍ॅपवर असे दोन मेसेज एकापाठोपाठ आले, तर दोन्ही एकच वाटू शकतात. पण पहिला प्रवेश आहे आणि दुसरी नोकरी, तीही ठराविक मुदतीची. हा फरक समजून न घेता अर्ज केला, तर पुढची काही वर्षं पगाराविना काढायची वेळ येऊ शकते.

जागा कशा ठरतात?

२००४ साली स्थापन झालेलं आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव असलेलं हे विद्यापीठ फक्त सोलापूर जिल्ह्यापुरतं आहे. पीएच.डी.च्या जागा मार्गदर्शकांवर अवलंबून असतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे तुमच्या विषयात मार्गदर्शकच कमी असतील, तर जागाही कमीच निघतात.

प्रवेश कोणाला?

पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्के. एससी, एसटी, ओबीसी (नॉन क्रीमीलेयर), ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत मिळते.

विद्यापीठ प्रवेशासाठी 'पेट' परीक्षा घेत आलं आहे. जून २०२४ पासून नेटचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरता येतात. त्यात नेटला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. जेआरएफ मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते. कोर्सवर्कसह किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात.

मग पैसे कुठून येतात?

प्रवेश मिळाला म्हणून पैसे सुरू होत नाहीत, उलट फी भरावी लागते. पैसे मिळतात ते फेलोशिपमधून. नेट-जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, त्यानंतर एसआरएफ म्हणून ४२ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. राज्यात बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग) या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. त्यांच्या जागा मर्यादित असतात आणि अर्ज वेगळा करावा लागतो.

प्रोजेक्टमधली जेआरएफ वेगळी कशी?

एखाद्या प्राध्यापकाला सरकारी संस्थेकडून संशोधन प्रकल्प मिळतो, तेव्हा त्या प्रकल्पापुरती माणसं घेतली जातात. प्रकल्प संपला की नोकरीही संपते. सोलापुरातच केगावला असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासारख्या संस्थांमध्येही अशी कंत्राटी पदं असतात. अनेकदा थेट मुलाखतीने निवड होते. या कामावरून पीएच.डी.ला आपोआप प्रवेश मिळत नाही, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते.

अर्ज करण्याआधी काय पाहाल?

जाहिरात संस्थेच्या अधिकृत वेबसाइटवर आहे का? पद किती महिन्यांचं आहे? मुदतवाढ कशावर अवलंबून आहे? पीएच.डी. असेल, तर तुमच्या विषयाच्या मार्गदर्शकाकडे जागा आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फेलोशिप मिळाली नाही तर तीन ते सहा वर्षांचा खर्च कसा भागणार?

नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ पीएच.डी.चाही पर्याय आहे. त्यासाठी कामाच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागतं.