नव्या कॅपशी जमवून घेताना

दाढेचे रूट कॅनाल झाले, कॅपही बसली. "उंच वाटत नाही ना?" डॉक्टरांनी विचारले. तासभर 'आ' वासून जबडा दमलेला, त्यामुळे मान डोलावली आणि घर गाठले. रात्री पोळीचा पहिलाच घास चावताना लक्षात आले, की इतर दातांच्या आधी ही नवी दाढच टेकते आहे. घरची मंडळी म्हणतात, "नवी आहे, होईल सवय."

हे म्हणणे अर्धेच खरे. जीभ सारखी तिथे जाते, हिरडी थोडी ठणकते, नस जिवंत असेल तर थंड पाण्याने झिणझिण्या येतात. या तक्रारी सहसा आठ-पंधरा दिवसांत ओसरतात. पण उंच कॅपची सवय लावून घेऊ नये. केसाच्या जाडीहून कमी फरकसुद्धा दातांना कळतो. नस काढलेल्या दाढेलाही तो कळतो, कारण दाब ओळखणारे तंतू दाताच्या आत नसून मूळ आणि हाड यांच्यामध्ये असतात. प्रत्येक घासाचा भार एकाच दाढेवर पडत राहिला, तर ती दुखू लागते, समोरचा दात ठणकतो, कॅपचा टवकाही उडू शकतो.

उपाय अगदी सोपा आहे. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि जिथे गडद डाग उमटतो, तिथे किंचित घासतात. पाच-दहा मिनिटांचे काम! तरीही 'पुन्हा कशाला त्रास द्यायचा' म्हणून कितीतरी जण महिनोन्महिने एकाच बाजूने जेवतात. हा संकोच कुणाच्या फायद्याचा?

कॅप निघालीच, तर ती जपून ठेवावी व लवकर दवाखाना गाठावा. घरातल्या गोंदाने ती चिकटवू नये. सुपारी आणि बर्फ फोडण्याचे काम तर तिच्यावर कधीच सोपवू नये.

आणखी एक गैरसमज म्हणजे, 'कॅप बसली, आता कीड लागणार नाही.' कॅप किडत नाही हे खरे, पण तिच्या कडेशी, हिरडीलगत उघडा राहिलेला दात किडतो. रूट कॅनाल झालेल्या दाढेत नस नसल्यामुळे ही कीड दुखून सूचनाही देत नाही. म्हणून मऊ ब्रश त्या कडेवरून रोज फिरवावा, फटीत दोरा घालावा. तिथे अन्न अडकू लागले किंवा घाण वास येऊ लागला, तर दुखण्याची वाट न पाहता दाढ दाखवून घ्यावी.