सासरचं दार लागलं, तरी घर तिचंही

वेचणीचे दिवस आले की बाई पहाटेच ओटा बांधून वावरात जाते. सांजच्याला मजुरी हाती पडते अन् नवऱ्यामार्फत दारूच्या गुत्त्यावर जाते. नाही म्हटलं तर मार. गावात विचारा, उत्तर ठरलेलं : "नवरा हाये, मारनारच. त्याच्यात का नवल?"

कायद्याला हे उत्तर मान्य नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणीसोबतच घालूनपाडून बोलणं, कमाई हिसकावणं, स्त्रीधन मोडणं हीसुद्धा त्यात हिंसाच. सासू-जावेविरुद्धही अर्ज करता येतो.

यवतमाळला या कायद्याचं मोल आणखी एका कारणानं आहे. शेतकरी आत्महत्यांनी हा जिल्हा देशाला माहीत झाला. पण तेरवी आटोपून पाहुणे पांगले की कित्येक घरी काय होतं? वावर दिराकडे, सावकार हिच्या दारी, अन् वरून "तू आता माहेरी जाय". प्रभा त्यागी यांच्या प्रकरणात १२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नवरा वारला, बाई त्या घरात प्रत्यक्ष राहत नसली, तरी सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क बुडत नाही. वावराच्या हिश्श्याची गोष्ट निराळी. त्यासाठी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येतो. सासर उमरखेडला आणि बाई माहेरी वणीला असेल, तर वणीतच. वकील तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. कोर्टाची पायरी झिजवलेल्यांना हसू येईल! म्हणूनच अंतरिम आदेश आधी मागावा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

छळाची फौजदारी तक्रार वेगळी. जुनं ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अडल्या वेळी फोन १८१ किंवा ११२.

मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्यावा. रेशनकार्ड, आधार, लग्नाचा फोटो यांच्या झेरॉक्स आधीच माहेरी किंवा विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवाव्या. रात्री घर सोडावं लागलं तर पेटी उघडायला कोण देते?