सही करण्यापूर्वी : ज्येष्ठांचा आरोग्य विमा आणि संमतीची कागदपत्रे

वार्धक्यातील आजार सांगून येत नाहीत, आणि एकाच शस्त्रक्रियेत आयुष्यभराची पुंजी संपल्याची उदाहरणे आपल्याला अपरिचित नाहीत. पूर्वी पासष्टी उलटलेल्या व्यक्तीला नवीन आरोग्य विमा मिळणे कठीण असे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या नव्या नियमांनुसार १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी योजना उपलब्ध करून देणे अपेक्षित आहे. साहजिकच अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत ज्येष्ठांच्या घरी विमा एजंटांची ये-जा वाढली आहे. ही संधी स्वागतार्ह आहे. मात्र आपण कोणत्या कागदावर कशासाठी सही करतो, हे समजून घेणे तितकेच आवश्यक आहे.

अमेरिकेत ‘मेडिकेअर’शी जोडलेल्या खासगी योजनांबाबत एक वेगळी पद्धत आहे. एजंटने ज्येष्ठ व्यक्तीशी बोलण्यापूर्वी कोणत्या प्रकारच्या योजनांवर चर्चा होणार, हे नमूद करणारे संमतिपत्र घ्यावे लागते. २०२३ साली तेथील सरकारने संमती आणि प्रत्यक्ष भेट यांच्यामध्ये बहुतांश वेळा ४८ तासांचे अंतर ठेवण्याचा नियम केला. विचार करण्यास अवधी मिळावा, हा त्यामागील हेतू होता. आपल्याकडे असे एकच स्वतंत्र संमतिपत्र नाही. आपली संमती अनेक ठिकाणी विखुरलेली असते, आणि म्हणूनच ती नकळत दिली जाते.

पहिली संमती असते ती संपर्काची. संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक भरून छोट्या चौकटीत खूण केली, किंवा एखाद्या आरोग्य शिबिरात नाव-क्रमांकाच्या कागदावर सही केली, की पुढील फोन ‘तुमच्या परवानगीने’ येऊ लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असली पाहिजे, तसेच ती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने मागे घेता आली पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नको असलेले जाहिरातीचे फोन थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंदणी करता येते.

एजंट घरी आल्यावर प्रथम त्याचे ओळखपत्र पाहावे. ते दाखवणे त्याच्या आचारसंहितेचा भाग आहे. विचारल्यास कमिशनचे प्रमाण सांगणेही त्याला बंधनकारक आहे. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असतो, तर ब्रोकर ग्राहकाच्या वतीने काम करतो, हा फरक ध्यानात ठेवावा. पहिल्याच भेटीत सही करण्याची घाई करू नये. माहितीपत्रक ठेवून घ्यावे व मुलांशी किंवा जाणकार व्यक्तीशी बोलूनच निर्णय घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे प्रस्तावपत्र, अर्थात प्रपोजल फॉर्म. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधे यांविषयीचे प्रश्न त्यात असतात. ‘काका, तुम्ही फक्त सही करा, बाकीचे मी भरतो,’ हे वाक्य ऐकताना बरे वाटते. पण एजंटने ‘नाही’ या रकान्यात केलेली खूण कायद्याच्या दृष्टीने आपले उत्तर ठरते. एप्रिल २०१९ मध्ये आयुर्विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की न वाचता सही केली होती किंवा फॉर्म दुसऱ्याने भरला होता, असे सांगून सही करणाऱ्याला जबाबदारी टाळता येत नाही. याउलट, डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने निर्णय दिला, की पॉलिसी घेताना उघड केलेल्या आजाराचेच निमित्त करून कंपनीने पुढे दावा फेटाळणे योग्य नाही. म्हणजेच खरे लिहिणे हेच आपले संरक्षण आहे. आजार सांगितल्यास कदाचित हप्ता वाढेल. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळही लागू होईल, पण तो आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो. आजार लपवल्यास मात्र रुग्णालयातील खाटेवर असतानाच दावा नाकारला जाण्याची भीती राहते.

फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीतून समजावून मागावा. सही मराठीत किंवा अंगठ्याच्या ठशाने केल्यास, मजकूर समजावून सांगितल्याचे निवेदन दुसरी व्यक्ती फॉर्मवर लिहून देते. समजल्याशिवाय ते निवेदन लिहू देऊ नये. ऑनलाइन अर्जात मोबाइलवर येणारा ओटीपी हीच आपली सही असते. तो फोनवरून सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणे होय.

प्रस्तावपत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत आणखी एक संमती असते. आपल्या डॉक्टरांकडून व रुग्णालयांकडून वैद्यकीय माहिती मिळवण्याची मुभा त्याद्वारे कंपनीला दिली जाते. बँक खात्यातून दरवर्षी हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी ही त्याहून निराळी असते. तीही वेगळी वाचावी. धनादेश कंपनीच्याच नावे द्यावा, एजंटच्या नव्हे.

पॉलिसी हाती आल्यावर प्रस्तावपत्राची प्रत तपासावी. उत्तर चुकीचे नोंदले असेल तर कंपनीला त्वरित लेखी कळवावे. अटी मान्य नसल्यास पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकत नाही.

तक्रार असल्यास प्रथम कंपनीकडे लेखी करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही व वकिलाची गरज नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तक्रार द्यावी. अंधेरी व बोरिवलीतील रहिवाशांसाठी सांताक्रूझ पश्चिम येथील, तर घाटकोपर व मुलुंडकरांसाठी ठाणे येथील कार्यालय आहे. नियामकाचा १५५२५५ हा निःशुल्क क्रमांकही उपलब्ध आहे.

७० वर्षांवरील नागरिकांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डाकरिता एजंटची आवश्यकता नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मुले परदेशी असलेले, एकटे राहणारे अनेक ज्येष्ठ आपल्या धर्मग्रामात आहेत. शेजारच्या एखाद्या तरुणाने अर्धा तास त्यांच्याजवळ बसून फॉर्ममधील प्रत्येक प्रश्न मराठीतून वाचून दाखवला, त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहिले आणि प्रत त्यांच्या फाईलमध्ये लावून दिली, तर ती मोठीच सेवा ठरेल.