टायसनबाईंचा नकार

नटाची थोरवी त्याने केलेल्या भूमिकांवरून ठरविण्याची रीत आहे. सिसिली टायसन या आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन अभिनेत्रीच्या बाबतीत मात्र न केलेल्या भूमिकांचाही हिशेब मांडावा लागतो. १९ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या टायसनबाई २८ जानेवारी २०२१ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांची जन्मतारीख हाच गोमंतकाचा मुक्तिदिन, म्हणून ती आमच्या विशेष ध्यानात राहिली.

आईवडील कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावरून आलेले. आई कमालीची धर्मनिष्ठ. मुलगी नटी होणार हे कळताच तिने तिला घराबाहेर काढले. (नाटकवाल्यांविषयीचे हे सोवळे आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको.) रेडक्रॉसच्या कचेरीत टंकलेखन करणारी ही तरुणी आधी मासिकांतील छायाचित्रांसाठी उभी राहिली व मग रंगभूमीवर आली. १९६१ साली झां जने यांच्या ‘द ब्लॅक्स’ या नाटकात ती जेम्स अर्ल जोन्स व माया अँजेलो यांच्यासमवेत होती. १९६३ साली ‘ईस्ट साइड, वेस्ट साइड’ या दूरचित्रवाणी मालिकेत कचेरीतील चिटणीस म्हणून ती दिसली, ती आपल्या कुरळ्या, आखूड, निसर्गदत्त केसांनिशी. केस तापवून सरळ करणे हे जेथे सभ्यतेचे लक्षण मानले जाई, तेथे ही साधी गोष्टही बंडखोरीची ठरली.

खरी कीर्ती लाभली ती १९७२ च्या ‘साउंडर’ने. लुइझियानातील अर्धेलीने जमीन कसणारे एक कृष्णवर्णीय कुटुंब. भुकेल्या मुलांसाठी चोरी करून बाप तुरुंगात जातो आणि शेत, घर, मुले सारे आई ओढते. पती परतताना दिसताच ती शेतवाटेने धावत सुटते, तो प्रसंग पाहिलेला प्रेक्षक विसरत नाही. याच चित्रपटाच्या प्रसारात एका गोऱ्या पत्रकाराने बाईंना सांगितले, की त्यातील मुलगा बापाला ‘डॅडी’ म्हणतो हे मला चमत्कारिक वाटले, कारण माझा मुलगाही मला तसेच म्हणतो! हा उद्गार त्यांना फार झोंबला. आपला अभिनय कोणत्या कामी लावायचा, हे त्यांनी तेव्हाच ठरविले.

त्या दशकात कृष्णवर्णीयांवरील गल्लाभरू चित्रपटांचे पेव फुटले होते. गुंड, दलाल आणि वेश्या यांना तोटा नव्हता; कामही होते, पैसाही होता. बाईंनी त्यांकडे पाठ फिरविली. त्यापायी हाती काम नाही अशी वर्षे त्यांनी काढली. तत्त्वासाठी तुरुंगात जाणाऱ्याला निदान हारतुरे मिळतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. घरी बसणाऱ्या नटीला तेही मिळत नाहीत.

१९७४ साली ‘मिस जेन पिटमन’चे आत्मवृत्त दूरचित्रवाणीवर आले. गुलामीत जन्मून ११० वर्षे जगलेल्या स्त्रीचे सारे आयुष्य टायसनबाईंनी उभे केले. अखेरीस ती थरथरती वृद्धा काठी टेकीत न्यायालयाबाहेरील, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या नळापाशी जाते आणि पाणी पिते. एवढेच. महाडच्या चवदार तळ्याची १९२७ सालची हकीकत ज्याला ठाऊक आहे, त्याला या घोटभर पाण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. या भूमिकेने त्यांना दोन एमी पुरस्कार मिळवून दिले.

पुढे ‘रूट्स’मधील कुंटा किंटेची आई, १९७८ साली हॅरिएट टबमन आणि त्याच वर्षी कोरेटा किंग. धीरोदात्त स्त्रियांचीच ही रांग पाहून कधी कधी वाटते, की या निग्रहाने त्यांच्यातील खट्याळ, लबाड, सामान्य बाईला थोडा अन्याय केला. ऑस्करचे स्पर्धेतील पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. २०१८ साली सन्मानार्थ दिले गेले, तेव्हा त्या त्र्याण्णव वर्षांच्या होत्या.

रंगभूमीने मात्र त्यांचे देणे चुकते केले. ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ हा चित्रपट १९८५ साली पाहिल्यापासून, जन्मगावी परतण्याचा ध्यास घेतलेल्या त्यातील वृद्धेची भूमिका त्यांच्या मनात होती. भूमिका मूळची गोऱ्या नटीची. तीस वर्षांच्या खंडानंतर, २०१३ साली, त्या ब्रॉडवेवर तीच घेऊन उभ्या राहिल्या आणि ८८ व्या वर्षी टोनी पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. नाटकात ही म्हातारी एक भजन गाते. ते ऐकताच प्रेक्षागृहातील लोकही तिच्यासोबत गाऊ लागत, आणि बाई गात राहत.