छप्पर ठेवायचं की उडवायचं?

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. तुमच्याकडे पैसे नाहीत, माझ्याकडेही नाहीत. इंटर्नच्या स्टायपेंडमध्ये स्पोर्ट्स कारचा वायपर तरी येईल का, शंका आहे. पण कॅन्टीनमधला वाद पैशांसाठी थांबत नाही. फोर्झा खेळणारे भांडतात, मेकॅनिकलवाले भांडतात, आणि रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर गाड्यांचे व्हिडिओ काढायला जाणारे तर हमखास भांडतात: कूपे की कन्व्हर्टिबल? शिवाय आपल्यातले काही जण उद्या एमएसला अमेरिकेत जातील. तिथे नोकरी लागल्यावर सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणं अगदीच स्वप्नातलं राहत नाही. तेव्हा प्रश्न खरा आहे असं धरूनच बोलू.

कूपे म्हणजे दोन दारांची, पक्क्या छपराची गाडी. जिचं छप्पर उघडतं ती कन्व्हर्टिबल, आणि दोनच सीट असल्या की तिला रोडस्टरही म्हणतात. आता घरात बुटाचा रिकामा खोका असेल तर घेऊन या. झाकण चिकटपट्टीने पक्कं लावा आणि दोन्ही टोकं धरून पिळायचा प्रयत्न करा. सहज पिळला जात नाही. आता झाकण काढून तेच करा. लगेच वेडावाकडा होतो ना? गाडीचंही हेच आहे. छप्पर फक्त पावसापासून वाचवायला आहे असं आपल्याला वाटतं, पण ते सांगाड्याचा भाग असतं. ते कापलं की गाडी पिळवटायला लागते. मग कंपनी दारांखालच्या पट्ट्यांत, तळाला आणि काचेच्या चौकटीत जादा मजबुती भरते. त्यावर घडी होणारं छप्पर, त्याच्या मोटारी. म्हणजे छप्पर काढलं आणि वजन वाढलं! एवढं करूनही खड्ड्यातून जाताना काचेची चौकट आणि डॅशबोर्ड थरथरतात. इंग्रजीत याला ‘स्कटल शेक’ म्हणतात. आपल्या रस्त्यांवर तो अनुभवायला फार लांब जावं लागणार नाही.

झालं, मग कूपे जिंकली? एवढ्यात नाही.

माझदाची एमएक्स-५ घ्या, जिला अमेरिकेत सगळे मियाटा म्हणतात. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती आली आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तिच्यासमोर बहुतेक वेळा उभी केली जाते टोयोटाची जीआर८६. ही कूपे आहे आणि फक्त कूपेच. २०१३ मध्ये जिनिव्हाला टोयोटाने आधीच्या ८६ चं उघडं कॉन्सेप्ट मॉडेल दाखवलं होतं, पण ते शोरूमपर्यंत पोचलंच नाही. आता वजन बघा. जीआर८६ पावणेतेराशे किलोच्या आसपास, तर मियाटा हजार ते अकराशेच्या दरम्यान. उघडी गाडी हलकी निघाली! जीआर८६ मध्ये मागे दोन नावापुरत्या सीट आहेत आणि इंजिनही मोठं आहे, हे मान्य. पण आणखीही एक गोष्ट आहे. मियाटा पहिल्या दिवसापासून उघडी म्हणूनच डिझाइन झाली. तिच्यातून काही कापावं लागलं नाही.

म्हणून मला विचाराल तर ‘कूपे की कन्व्हर्टिबल’ हा प्रश्न थोडा नंतरचा आहे. आधी विचारा, ही गाडी मुळात काय म्हणून जन्माला आली? मूळ कूपेचं छप्पर कापून कन्व्हर्टिबल केली असेल, तर गुपचूप कूपे घ्या. जन्मतः रोडस्टर असेल, तर बिनधास्त उघडी घ्या. पोर्शची बॉक्सटर १९९६ मध्ये आधी आली आणि तिच्यावर छप्पर चढवलेली केमन २००५ मध्ये. तिथे मी दोनदा विचार न करता बॉक्सटर घेईन (मनातल्या मनात). बीएमडब्ल्यू आणि टोयोटाने तर भांडण न करता वाटणीच केली. एकाच प्लॅटफॉर्मवर, ऑस्ट्रियात ग्राझच्या एकाच कारखान्यात दोन गाड्या बनल्या. बीएमडब्ल्यूची झेड४ फक्त रोडस्टर, टोयोटाची सुप्रा फक्त कूपे. मॅक्लारेनसारख्यांचा विषयच वेगळा. त्यांचा गाभा कार्बन फायबरच्या टबचा असतो, त्यामुळे छप्पर गेलं तरी फारसा फरक पडत नाही. पण ती चर्चा आपण लॉटरी लागल्यावर करू.

आता सुरक्षेचं. साठच्या दशकात अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल अशी धास्ती होती. १९६५ मध्ये पोर्शने ९११ टार्गा दाखवली, तिच्या डोक्यामागचा तो जाड पक्का पट्टा त्यातूनच आला. पुढे १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये गाडी उलटायला लागली की आपोआप वर येणारा बार आला. बहुतेक कन्व्हर्टिबलमध्ये उलटल्यावर तुमचं डोकं वाचवतात त्या दोनच गोष्टी: काचेची मजबूत चौकट आणि सीटमागच्या कमानी. त्यांचा उपयोग तुम्ही बेल्ट लावून खाली बसलेले असाल तरच. सीटवर उभं राहून, हात पसरून रील काढणाऱ्याला त्यातलं काहीच वाचवत नाही. उघडी गाडी म्हटली की आपल्याला वरात नाहीतर विजयी मिरवणूक आठवते, त्यामुळे उभं राहायची सवय जुनी आहे. पण वरातीची गाडी चालते बॅन्जोच्या वेगाने, आणि तुम्ही असणार एक्स्प्रेसवेवर.

हवामानाचं काय? मे महिन्यात दुपारी बारा वाजता छप्पर उघडून बघा, सिग्नलपर्यंत भाकरी भाजून होईल. जून ते सप्टेंबर छप्पर बंदच. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही पहाटे, ट्रकचा धूर सुरू व्हायच्या आधी. पण माळशेजच्या रस्त्याला थंडीतल्या पहाटे डोक्यावर आकाश असणं काय चीज असेल, याची कल्पना उघड्या जीपमध्ये बसलेल्याला येईल. २०२० मध्ये नवी थार आली तेव्हा तिच्यात कापडी उघड्या छपराचा पर्याय होता. ती स्पोर्ट्स कार नव्हे, पण नाशिकला बनणारी, बऱ्यापैकी आवाक्यातली उघडी गाडी होती. ती घेतलेल्या कुणाला तरी शोधा आणि एक चक्कर मागा. वारा पहिली दहा मिनिटं भारी वाटतो. तासाभरानंतरही वाटतोय का, ते बघा. तुम्हाला गाणी ऐकायची असतील, फोनवर बोलायचं असेल, लांब जायचं असेल, तर तुम्ही कूपेवाले आहात, वाद संपला. ट्रॅकवर वेळ मारायची असेल तरीही कूपेच.

आणि अमेरिकेत खरंच जुनी मियाटा बघायला गेलात, तर इंजिनच्या आधी सीटमागचं कार्पेट हाताने चाचपा. ओलं किंवा कुबट लागलं तर छपराचं पाणी वाहून नेणारी भोकं पानांनी तुंबलेली असतील. मग खाली वाकून दारांखालचा पत्रा बघा. जुन्या गाड्यांत गंज तिथूनच सुरू होतो. पहिल्या पिढीची असेल तर मागची खिडकी प्लास्टिकची असते, ती पिवळी पडून पलीकडचं दिसेनासं होतं. बदलायला किती लागतील ते विचारून घ्या आणि भाव करताना तेवढे वजा करा.