प्रत्यारोपणानंतरचा पावसाळा

मुळशी-ताम्हिणीच्या पावसात कपड्यांना, चपलांना बुरशी येते. ओलसर त्वचेवरही ती रुजते. अवयव-प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीने मात्र तिला किरकोळ समजू नये. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून घ्यावयाची टॅक्रोलिमससारखी औषधे रोगप्रतिकारशक्ती क्षीण करतात. परिणामी साधा नायटाही झपाट्याने पसरतो. काट्यावाटे मातीतील बुरशी शिरल्यास कालांतराने गाठ येते, आणि ती अनेकदा दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहते.

खरा धोका दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांचा. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल यांमुळे रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी वाढून मूत्रपिंडालाच इजा पोहोचू शकते. स्टिरॉइडमिश्रित मलमाने खाज शमते, बुरशी फोफावते. म्हणून डाग दिसताच प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावा; अंग कोरडे ठेवावे, शेतात पादत्राणांविना जाऊ नये. लाभलेल्या अवयवाची राखण हाच दात्याचा खरा सन्मान होय.